मदत हवी आहे: पाळी दोन आठवडे पुढे गेली, टेस्ट दोनदा निगेटिव्ह. आणखी काय कारण असू शकतं?

निशिगंध_३१
वय ३१, वजन ५८ किलो, वर्षभरात फरक नाही. पाळी एरवी २८ ते ३० दिवसांनी येते. आज ४३वा दिवस. घरी युरीन टेस्ट ३४व्या आणि ४१व्या दिवशी केली, दोन्ही वेळा एकच रेघ. शेवटचा संबंध २०व्या दिवशी. ११व्या ते १५व्या दिवसात व्हायरल ताप होता, १०२ पर्यंत. तेव्हापासून रोज सकाळी ॲसिडिटीची कॅप्सूल चालू आहे. केसांसाठी बायोटिनची गोळीही रोज घेते. पोटात दुखत नाही, छाती जड वाटते. गर्भधारणा सोडून काय काय असू शकतं, आणि तपासण्या कोणत्या क्रमाने करू?

आंबेहळद
दिवस राहिलेले नाहीत हे तुमच्या आकड्यांवरून जवळजवळ नक्की म्हणता येईल. शेवटच्या संबंधानंतर २१ दिवसांनी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली की ती मानायची. नुसती ३४व्या दिवसाची असती तर मानली नसती.

आता मुख्य मुद्दा. पाळी लांबली असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा उशीर झालेला असतो तो बीज सुटायला. बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचे दिवस साधारण ठरलेले असतात, १२ ते १४. लांबतो तो त्याआधीचा भाग. त्यामुळे चक्राच्या सुरुवातीच्या पंधरवड्यात काय झालं ते आधी आठवायचं. परवाचं टेन्शन किंवा कालचं आइस्क्रीम यांचा इथे हिशेब लागत नाही.

तुमचं बीज एरवी १४व्या-१६व्या दिवशी सुटत असणार. नेमक्या त्याच दिवसांत ताप. अशा वेळी मेंदूकडून बीजकोशाला जाणारा इशारा मंदावतो, वाढत आलेलं बीज तिथेच जिरतं आणि नवं तयार व्हायला आणखी दोनेक आठवडे जातात. म्हणजे बीज २८व्या-३०व्या दिवशी आणि पाळी ४२ ते ४४. आज ४३. छाती जड वाटणं याच्याशी जुळतं. मधल्या काळात अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटांत ताणला जाणारा स्राव दिसला होता का? दिसला असेल तर तो थांबल्यापासून १४ दिवस मोजा.

उपवास, झपाट्याने उतरवलेलं वजन, अचानक वाढवलेलं धावणं, नाइट शिफ्ट, परीक्षा, घरातलं आजारपण, सगळ्यांचा मार्ग हाच.

कुपी
तापाचं पटतं, पण माझं लक्ष कॅप्सूलवर गेलं. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. नावापुढे डी, डीएसआर किंवा एल असं काही असेल तर आत डोमपेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड असण्याची शक्यता दाट. दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. प्रोलॅक्टिन म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारं संप्रेरक, ते वाढलं की बीज सुटणं अडतं. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी थांबते त्याचं कारण हेच. मळमळीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन याच रांगेत. रिस्पेरिडोन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही.

तपासण्या दोनच: टीएसएच (थायरॉइडची) आणि प्रोलॅक्टिन, एकाच वेळी. थायरॉइड मंद असेल तर प्रोलॅक्टिनही वर जातं, म्हणून एकटं काढून उपयोग नाही. बायोटिन किमान ३ दिवस आधी बंद करा. काही लॅबच्या मशीनमध्ये त्यामुळे हे दोन्ही आकडे खोटे कमी येतात, आणि 'सगळं नॉर्मल' म्हणून खरा दोष झाकला जातो. रक्त उठल्यानंतर दोन-तीन तासांनी द्यावं. व्यायाम करून किंवा जिने चढून थेट सुई टोचून घेऊ नये, १५-२० मिनिटं शांत बसावं. धावपळीनेही प्रोलॅक्टिन चढतं.

मोगऱ्याची_वेणी
एवढ्या तपासण्या कशाला? तीळ-गूळ, कच्ची पपई, आल्याचा काढा. आठ दिवसांत येते. नाहीतर केमिस्टकडे पाळी आणायची गोळी मिळते.

आंबेहळद
तीळ-गूळ खुशाल खा, थंडीत चांगलाच. पण बीजच सुटलं नसेल तर तीळ काय करणार? आणि सुटलं असेल तर १४ दिवसांनी पाळी येणारच, श्रेय मात्र पपईला मिळतं.

गोळीचं वेगळं आहे. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम ५ ते १० दिवस देतात आणि थांबवल्यावर साधारण आठवड्याभरात रक्तस्राव होतो. डॉक्टर ती गर्भ नाही याची खात्री करून देतात. रक्तस्राव झाला याचा अर्थ अस्तर होतं, फक्त बीज सुटलं नव्हतं. अडथळा काय होता ते त्यातून कळत नाही. केमिस्टच्या भरवशावर याच नावाखाली गर्भपाताच्या गोळ्याही हातात पडतात. ते अजिबात नको.

उलट्या दिशेची गोळी, सण-लग्नासाठी पाळी पुढे ढकलणारी नॉरएथिस्टेरॉन, बंद केल्यावर बहुधा २-३ दिवसांत पाळी येते. आठवडा उलटला तर टेस्ट करा, कारण त्या गोळीने गर्भ टळत नाही. इमर्जन्सी पिलनंतर पाळी आठवडाभर मागेपुढे होते, त्याहून लांबली की पुन्हा टेस्ट. सरकारी दवाखान्यातलं 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलं असेल तर कित्येक महिने पाळी न येणं अपेक्षितच असतं. 'छाया' या गर्भनिरोधक गोळीनेही लांबते.

पाटावरवंटा
पीसीओडीचं कुणीच लिहिलं नाही?

कुपी
मुद्दाम टाळलं. ३१व्या वर्षापर्यंत घड्याळासारखी आलेली पाळी एकदा चुकली तर तो पीसीओडी नव्हे. त्यात तीनपैकी दोन गोष्टी लागतात: कायम लांबणारी पाळी, हनुवटी-ओठांवर राठ केस किंवा रक्तात वाढलेली पुरुषी संप्रेरकं, आणि सोनोग्राफीत बीजकोशात बारीक फोडांची गर्दी. नुसत्या सोनोग्राफीवर शिक्का मारू नये. वर्षाला आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील तर मात्र विषय काढावा, आणि वजन जास्त असेल तर ५ टक्के उतरूनही फरक पडतो.

चाळिशीनंतर चक्र आठवड्याने मागेपुढे होऊ लागणं रजोनिवृत्तीकडची वाट असते. चाळिशीच्या आतच पाळी थांबली आणि अंगातून वाफा निघत असतील तर एफएसएच (बीजकोशाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) काढावं. क्युरेटिननंतर (पिशवी साफ केल्यावर) पाळी एकदम कमी झाली किंवा थांबली तर गर्भाशयाचं अस्तर चिकटलं आहे का, ते पाहावं लागतं. आपल्याकडे गर्भाशयाच्या टीबीची शक्यताही लक्षात ठेवावी.

निशिगंध_३१
स्ट्रिपवर रॅबेप्राझोल २० आणि लेवोसल्पिराइड ७५ आहे. १८व्या दिवसापासून तसा ताणला जाणारा स्राव दिसला नाही. त्याआधीचं आठवत नाही.

कुपी
मग संशय कॅप्सूलवरच. ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडून साधं रॅबेप्राझोल बदलून घ्या, आणि बंद केल्यापासून ३ दिवसांनी रक्त द्या. बायोटिनही त्याच दिवशी थांबवा, दोन्ही कामं एकत्र होतील. कॅप्सूल चालू असताना प्रोलॅक्टिन १०० आलं तर कुणीतरी मेंदूचा एमआरआय लिहून देईल, तो खर्च टाळा. औषध थांबूनही आकडा वर राहिला तरच तो प्रश्न. स्तनांतून दूध, सततची डोकेदुखी किंवा कडेचं अंधुक दिसणं असेल तर मात्र थांबू नका.

आंबेहळद
आणि एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखलं, खांदा दुखू लागला किंवा चक्कर आली, तर टेस्ट निगेटिव्ह असली तरी त्याच तासाला दवाखाना. बाकी काही नसेल आणि पाळीशिवाय ९० दिवस झाले तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी आली की पहिला लाल दिवस तारखेसह लिहून ठेवा. आधीचे तपकिरी डाग मोजायचे नाहीत.