स्लीव्ह सर्जरीनंतर पाचवा आठवडा: पेज, मासे, भात यांतलं आधी काय?

कातळावरचं_करवंद

नमस्कार मंडळी. वहिनीची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन) होऊन चार आठवडे झाले. ऑपरेशन मुंबईला, मुक्काम देवगड तालुक्यात. पहिले दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे मिक्सरमधलं गाळून, असं हॉस्पिटलनं दिलेल्या आहाराच्या कागदाप्रमाणे झालं. आता कागदावर 'मऊ आहार' लिहिलाय आणि उदाहरणं आहेत टोफू, ओट्स, ब्रोकोली, ग्रिल्ड फिश. इथल्या चुलीवर जे शिजतं त्यातलं कागदावर एकही नाही.

प्रश्न असे:
१. पेज दोन वेळा छान जाते. तीच दाट करत नेली तर?
२. मासेबंदी नुकतीच उठलीय. कुठला मासा आधी? आणि श्रावण पाळायचा म्हटलं तर प्रथिनांचं काय?
३. गिचका भात तीन चमचे दिला तर छातीत दाटलं, तोंडाला पाणी सुटलं आणि फेस उलटून पडला. पातळ पदार्थांना काहीच त्रास नाही. ताप नाही. भात इतका मऊ असून असं का?
४. भाकरी, घावन, आंबोळी, सोलकढी कधी? गणपतीला नववा आठवडा लागेल.

खाडीपलीकडे

तिसऱ्या प्रश्नात बाकीच्यांची उत्तरं आहेत, म्हणून तिथूनच सुरू करतो.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. तिच्यासाठी पदार्थ दोन प्रकारचे, अडकणारे आणि घसरणारे. गिचका भात अडकतो, पेज घसरते, आणि आपण दोघांनाही 'मऊ' म्हणतो. गिचका भात दातांखाली येतच नाही, जिभेनं दाबला की गिळला जातो. लाळेत त्याचा चिकट गोळा होतो आणि तो तसाच नळीत उतरून बसतो. मागून लाळ साचते, तोच तो फेस. त्यामुळे अजून महिनाभर तरी भात नको. पुढे देताना जुन्या तांदळाचा किंवा उकड्या तांदळाचा मोकळा भात द्या, दोन चमचे, आमटी कालवून, आणि प्रथिनांचा घास आधी पोटात गेल्यावर.

पेजेचा दोष उलटा. २०० मिली पेजेत प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम, आणि दिवसाला लागतात ६० ते ८०. पेज भराभर आतड्यात उतरते, तासाभरात पुन्हा भूक लागते आणि वजन उतरणंही थांबतं. तांदूळ वाढवून दाट केलीत की ती वर सांगितलेल्या भाताच्या वाटेला जाते. दाट करायचीच तर उकळत्या पेजेत एका अंड्याचं फेटलेलं पांढरं सोडा आणि पूर्ण शिजवा (साधारण ३.५ ग्रॅम), किंवा शिजवून गाळलेली मूगडाळ घोटून घाला. तरीही दिवसातून एकदाच.

आता मासे. मुडदुशीपासून सुरू करा. बाळंतिणीला आणि दुखण्यातून उठलेल्याला आपल्याकडे मुडदुशी देतात ते अगदी बरोबर आहे. मांस मऊ, चरबी कमी, आणि मधला काटा सरळ निघतो. ६० ग्रॅम साफ केलेला मासा घ्या. हळद, मीठ, ठेचलेली एक लसूणपाकळी लावून हळदीच्या पानात गुंडाळा आणि ८ मिनिटं वाफवा. मग चमच्यानं नाही, बोटांनी उकला, कारण बारीक काटा बोटालाच कळतो. वर दोन चमचे पातळ सार घालून ओलसर करा. यातून साधारण ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पहिल्या दिवशी यातले दोन मोठे चमचेच द्या, बाकीचं पुढच्या जेवणाला.

पापलेट, रावस चालतील, पण सारात मंद आचेवर. सुरमईची तळलेली तुकडी देऊ नका. तिचं मांस कोरडं पडतं, दोरे सुटतात आणि भातासारखंच अडकतं. ओला बोंबील अलगद जातो, फक्त त्यात बहुतांश पाणी असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनात प्रथिनं इतर माशांच्या जवळपास निम्मी. रव्यातला कुरकुरीत बोंबील हा वेगळा पदार्थ समजा, तो आत्ता नको. बांगडा ओलसर असल्यामुळे चालतो, सहाव्या आठवड्यानंतर, कातडी काढून. तारली, पेडवे, मांदेली यांच्या काट्यांमुळे थांबा. कोळंबी, माकूल, तिसऱ्या, कालवं रबरासारखी चिवट, ती तीन महिन्यांनंतर. फार मन झालं तर कोळंबी खिम्यासारखी बारीक वाटून सारात शिजवा.

वाटणाबद्दल एक राहिलं. खोबऱ्याचा चोथा आत्ता नको. वाटण गाळून त्याचा दुसरा, पातळ रस घ्या. मिरची बेतानं, पण अगदीच बेचव करू नका. पथ्याचं जेवण अळणी असलं की माणूस तिसऱ्या दिवशी पेजेवर परत जातो.

घावनवाली

वरच्या प्रतिसादाशी सहमत. भाकरी-घावनाचं मी सांगते.

घावन जाळीदार आणि हलकं दिसतं, पण चावलं की त्याचा लगदा होतो. आंबोळीही तशीच, पोळी आणि पावही त्याच जातीचे. याउलट तव्यावर कडक भाजलेला नाचणीच्या भाकरीचा पापुद्रा दातांखाली तुकडे होऊन मोडतो, म्हणून तो आधी पचनी पडतो. ऐकायला उलटं वाटेल, पण मऊ पावापेक्षा कोरडा टोस्ट सोसतो त्याचं कारणही हेच. आठव्या आठवड्यानंतर दोन बोटं रुंद पापुद्रा, चटणी-लोण्याशिवाय, माशाच्या चार घासांनंतर. घावन-आंबोळी तिसऱ्या महिन्यानंतर बघा. तांदळाची भाकरी गार झाली की वातड होते, ती सगळ्यात शेवटी.

श्रावण पाळायचा असेल तर आधी हिशेब करा आणि मग ठरवा. दिवसाचा नमुना (कंसात प्रथिनं, ग्रॅममध्ये): व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरीचा, दीड स्कूप (डब्यावर बघा, बहुतेकांत स्कूपला २० ते २५ ग्रॅम), घरच्या दह्याचा चक्का १०० ग्रॅम (साधारण ८), मऊ पनीर ४० ग्रॅम (७), घट्ट मूगवरण १०० मिली (५), कुळथाची पिठी (४), दूध २०० मिली (६). मिळून निदान ६० होतात. हे सहा वेळांत वाटलं तरच बसतं. प्रोटीन पावडर कडक गरम दुधात टाकली की गुठळ्या होतात, दूध कोमट असू दे. दुधानं पोट फुगत असेल तर व्हे आयसोलेट (दुधातली साखर जवळजवळ काढून टाकलेली पावडर) घ्या.

पिठी मात्र भातावर ओतून नाही, चमच्यानं. २० ग्रॅम कुळथाचं पीठ, २०० मिली पाणी, लसूण, एकच आमसूल, कढीइतकी दाट. कुळीथ वायू धरतो, म्हणून पहिल्या दिवशी ५० मिली.

सोलकढी: पाचव्या आठवड्यात नाही. नारळाच्या पहिल्या दुधातली चरबी आणि आगळाचा आंबटपणा, दोन्ही नव्या टाक्यांना जड. सातव्या-आठव्या आठवड्यात दुसऱ्या दुधाची, मिरचीशिवाय, ५० मिली, तीही दोन जेवणांच्या मधे. बाटलीतलं कोकम सरबत म्हणजे साखरेचा पाक, ते यादीतून काढूनच टाका. शहाळं घोट घोट चालेल.

खाडीपलीकडे

सोलकढी दोन जेवणांच्या मधे, हे महत्त्वाचं. आपल्याकडे ती जेवणाशेवटी पिण्याची सवय, आणि नेमकं तेच टाळायचं आहे. जेवण संपल्यावर ३० मिनिटं काहीही पातळ नाही. आधी १५ मिनिटं थांबलं तरी चालतं, पाणी तेवढ्यात पुढे सरकतं. घासावर पाणी प्यायलं की एक तर नळी तुडुंब भरून उलटी होते, नाहीतर घास पाण्याबरोबर धुऊन जातो आणि पोट भरल्याचं कळतच नाही.

पाणी दिवसाला दीड लिटर तरी जायला हवं. दमट हवेत घाम जातो तो वेगळाच. घोटाचा हिशेब: दर पाच मिनिटांनी १५ मिली, म्हणजे तासाला १८०, नऊ तासांत १६२० मिली. लघवी गडद झाली की पाणी कमी पडतंय.

कातळावरचं_करवंद

खूप आभार. अजून दोन शंका. पुन्हा अडकलं तर काय करायचं? आजी म्हणते सोडा पाज, ढेकर येईल. आणि रात्री-अपरात्री जवळच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना काय सांगायचं?

पथ्यपाणी

आजीबाईंना नमस्कार, पण सोडा नको. गॅस फुगून नळीवर ताण येतो. वरून पाणीही नको, कारण बूच बसलेल्या बाटलीत पाणी ओतल्यासारखं होतं.

अडकलं की खाणं तिथेच थांबवा. उभं राहा, हळूहळू फेऱ्या मारा, लाळ गिळू नका, थुंका. बहुतेक वेळा तासाभरात सुटतं. सुटल्यावर कोमट पाण्याचे घोट, मग २४ तास फक्त पातळ, त्यानंतर एक दिवस घोटलेलं, मगच परत मऊ. लगेच तोच पदार्थ 'बघू या' म्हणून देऊ नका. नळीला सूज असते, दुसऱ्यांदा लवकर अडकतं. एकदा न सोसलेला पदार्थ दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावा. नावडता म्हणून कायमचा बाद करू नये.

अडकण्याआधी शरीर इशारा देतं: उचकी, अचानक नाक वाहणं, शिंक, छातीच्या मधोमध दाब. यातलं एक दिसलं की पुढचा घास नाही, ताटात एकच चमचा उरला असला तरी. घास चहाच्या चमच्याचा, २० ते ३० वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, जेवण २० ते ३० मिनिटांत. अर्धा तास उलटला की उरलेलं झाकून ठेवा. शेजारी बसून 'एवढं तरी खा गो' म्हणणाऱ्यांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा.

काळजीचं कधी: पातळसुद्धा २४ तास राहत नसेल, लाळही उतरत नसेल, ताप, स्वस्थ बसलेलं असताना नाडी १२० च्या वर, डाव्या खांद्यात किंवा पोटात वाढतं दुखणं. तेव्हा वाट न बघता दवाखाना गाठा आणि वाटेतून सर्जनना फोन करा. दुसरी खूण सावकाश येते. गेल्या आठवड्यात जाणारं या आठवड्यात जाईना, मग पातळही जड व्हायला लागलं, असा उलटा प्रवास असेल तर नळी अरुंद झालेली असू शकते. तिला पथ्याचा उपाय नाही. एंडोस्कोपीतून फुग्यानं रुंद करतात. तुमच्याकडे पातळ व्यवस्थित जातंय, तेव्हा सध्या दोष भाताकडे जातो, पण झालेला प्रकार सर्जनच्या कानावर घाला.

जवळच्या डॉक्टरांसाठी डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स आणि एक चिठ्ठी पर्समध्ये ठेवा. चिठ्ठीत तीन ओळी पुरतात. एक: स्लीव्ह झालेली आहे, तारीख अमुक, नाकातून नळी अंदाजानं घालू नये, टाक्यांच्या रेषेला इजा होऊ शकते. दोन: बरेच दिवस उलट्या असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यावं. बी-१ संपत आलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गोंधळणं ही त्याची लक्षणं. तीन: डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं सर्जनना विचारल्याशिवाय नकोत. गॅस्ट्रिक बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा छोटा भाग थेट आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन) झालेल्यांना तर जोडणीवर व्रण होण्याची मोठी भीती, स्लीव्हमध्येही टाळलेली बरी.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जुना डोस तसाच रेटू नका. खाणं एवढं घटल्यावर साखर आणि दाब दोन्ही खाली येतात.

गोळ्यांच्या वेळा: कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६०० च. लोह त्यापासून दोन तास दूर, आणि चहापासूनही. पाळी चालू असलेल्या बाईला लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व कायमचं. नाचणीत कॅल्शियम आहे म्हणून गोळी सोडणारे भेटतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि या पोटात १०० ग्रॅम नाचणी जाणार कुठून?

घावनवाली

गणपतीचं राहिलं. उकडीचा मोदक म्हणजे दोन्ही दोष एका कळीत: पारी अडकते, गुळाचं सारण घसरतं. गूळ-साखर भसकन आतड्यात गेली की पाणी तिकडे ओढलं जातं आणि १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, कळा, जुलाब. काहींना एक ते तीन तासांनी साखर उतरून थरथर सुटते. बायपासमध्ये हे जास्त, पण स्लीव्हवाल्यांनाही होतं. प्रसाद म्हणून जेवणानंतर चिमूटभर सारण, पारी नाही. मोसमात आंब्याचंही तेच: रस नको, जेवणानंतर दोन फोडी चावून. फणसाचे दोरे मात्र तीन महिने लांबच.

त्या दिवसांत काळ्या वाटाण्याचं सांबारं होईलच. ते वहिनींसाठी सोयीचं आहे. वाटाणे रात्रभर भिजवा, कुकरला ७-८ शिट्ट्या, मग मिक्सरला फिरवून गाळणीतून दाबून काढा, म्हणजे साल वर राहील. वाटण घालण्याआधी त्यांची अर्धी वाटी बाजूला काढा. सोबतची आंबोळी पाहुण्यांच्या पानात.