मदत हवी आहे : हाडांची नावं पाठ आहेत, पण हाड हातात आलं की गोंधळ

नमस्कार मंडळी. एमबीबीएसचं पहिलं वर्ष चालू आहे. सोमवारी हेड-नेकच्या हाडांची तोंडी आहे आणि माझी गाळण उडालीय.

पाठांतराचं म्हणाल तर कवटीची २२ हाडं, त्यातली ८ क्रेनियमची (मेंदूभोवतीच्या पेटीची), १४ चेहऱ्याची, मानेचे मणके ७, हे झोपेत विचारलं तरी सांगेन. पण परवा मॅडमनी ॲटलस, म्हणजे मानेचा पहिला मणका, हातात ठेवला. "धर बघू, शरीरात असतो तसा." पुढची बाजू मी बरोबर पुढे धरली, फक्त वरचं खाली. "शीर्षासन चाललंय का?" अख्खी बॅच हसली.

तर दोन अडचणी. ॲटलसला ना बॉडी (मणक्याचा पुढचा जाड भाग), ना स्पाइन (मागचं टोक), नुसती कडी. त्याचं वर-खाली कशावरून ओळखायचं? दुसरं, कवटीत आतून पाहिलं की रोटंडम, ओव्हेल, स्पायनोसम तिन्ही भोकं सापडतात. कवटी उलटी केली की रोटंडम गायब! माझा सेट सीनियरकडून घेतलेला, बराच हाताळलेला आहे. भोक बुजलंय की काय?

प्रतिसाद १ :
ॲटलस दोन्ही हातांत धर आणि फॅसेटवर (सांधा जुळतो त्या गुळगुळीत जागांवर) अंगठे टेकव. वरचे फॅसेट राजम्याच्या दाण्यासारखे, लांबट नि खोलगट असतात, कारण कवटीच्या तळाचे दोन उंचवटे, ऑक्सिपिटल कॉन्डाइल, त्यांत बसतात. खालचे गोलसर, जवळजवळ सपाट. अंगठा जिथे रुततो ती वरची बाजू. तरी शंका वाटली तर मागच्या कमानीवर फॅसेटच्या लगेच मागे खाच बघ. ती व्हर्टिब्रल आर्टरीची, आणि ती वरच्याच अंगाला असते.

प्रतिसाद २ :
सीनियरशी भांडू नकोस, भोक शाबूत आहे :) खराट्याची बारीक काडी घे आणि आतून एकेका भोकात घाल. ओव्हेलमधली खाली बाहेर पडते, रोटंडममधली पुढे जाते, टेरिगोपॅलटाइन फोसात (वरच्या जबड्यामागच्या पोकळीत). साहजिक आहे, रोटंडममधल्या मॅक्सिलरी नर्व्हला वरच्या जबड्याकडे जायचंय आणि ओव्हेलमधल्या मँडिब्युलरला खालच्या. स्पायनोसम ओव्हेलच्या मागे-बाहेरच्या अंगाला, अगदी बारीक. तिथून मिडल मेनिन्जियल आर्टरीची (मेंदूच्या आवरणाच्या धमनीची) खाच नखाने वर धरत जा, बरोबर टेरिऑनच्या, म्हणजे कानशिलावर हाडं जुळतात त्या जागेच्या, आतल्या बाजूला पोचशील. तिथे हाड पातळ, म्हणून कानशिलावरच्या मारानंतर एक्स्ट्राड्युरल (कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामधला) रक्तस्राव होतो. हे विचारतातच.

धागाकर्ती :
दादा, काडी चालली! अंगठ्याचंही जमलं, डोळे मिटून तीनदा केलं. पण उत्साहात काडी लॅसरम नावाच्या तिथल्याच आणखी एका भोकातही घातली, ती सरळ आरपार गेली. म्हणजे इंटर्नल कॅरॉटिड (मेंदूला रक्त नेणारी धमनी) इथूनच वर येते ना?

प्रतिसाद २ :
नाही! इथे निम्मी बॅच फसते. तुझ्या हातातलं हाड वाळलेलं आहे. जिवंतपणी लॅसरमचं खालचं तोंड कूर्चेने बंद असतं. कॅरॉटिड येते टेम्पोरल (कानाजवळच्या) हाडातल्या कॅरॉटिड कॅनॉलमधून आणि त्या कूर्चेच्या वरून पुढे जाते. मॅडमनी विचारलं तर 'लॅसरममधून' म्हणू नकोस, 'लॅसरमच्या वरून' म्हण.

धागाकर्ती :
बापरे. वहीत मी 'मधून'च लिहिलंय. खोडते.