खरा रोलप्ले सर्व्हायव्हल हॉररमध्येच होतो. असहमतांनी जरूर यावं

दिवाभीत

सर्व्हायव्हल हॉरर म्हणजे मोजक्या गोळ्या-औषधांवर जीव वाचवत खेळायचे भीतीचे व्हिडिओ गेम, आणि रोलप्ले म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी भूमिका करणं. हॉरर गेम कुठलाही असो, मी तो एकाच माणसाच्या अंगात शिरून खेळतो. हा माणूस कारकून आहे. पन्नाशीचा, गुडघे धरलेले, बंदूक आयुष्यात हातात न घेतलेला. पडद्यावर गेमचं पात्र लिऑन असो, जिल असो की आयझॅक, माझ्यासाठी आत तोच. त्याचे नेम ठरलेले आहेत. कोणी मागे लागल्याशिवाय पळायचं नाही. सापडलेला कागद तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचायचा. गोळी वाया गेली म्हणून जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवलेला टप्पा, उघडायचा नाही. गाईडला हात लावायचा नाही. आणि जिथून एकदा जीव मुठीत धरून सुटलो, तिथे किल्ली राहिली असेल तरच परत जायचं.

मित्र म्हणतात, रोलप्लेच करायचा तर आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) खेळ ना. खेळलोय की! सुरुवातीला भुरटा चोर निवडावा, तर थोड्या लेव्हलनंतर तोच ड्रॅगन लोळवत सुटतो. संवादांच्या यादीतून कितीही भित्री उत्तरं निवडा, लढाई सुरू झाली की गडी शूरच. भूमिका तोंडातच राहते, हातापायांत उतरत नाही.

याउलट १९९६चा पहिला रेसिडेंट ईव्हिल बघा. ख्रिस किंवा जिल, दोघांपैकी एक होऊन खेळायचं. ख्रिसकडे सामानाचे ६ कप्पे, जिलकडे ८. जिल कुलपं कौशल्याने उघडते, ख्रिस बिचारा छोट्या किल्ल्या शोधत हिंडतो. ख्रिस मार जास्त सोसतो, हाही फरक. एक वाक्य निवडायला मिळत नाही, तरी दोघं दोन वेगळी माणसं होतात. सेव्ह करायला टाइपरायटर, त्याला शाईची रिबन, रिबनी मोजक्या, वर ती रिबन एक कप्पा अडवून बसणार. औषधी झाड घ्यावं की रिबन, इथे मी कोण आहे ते ठरतं.

थोडक्यात, भूमिका टंचाईतून तयार होते. 'तुम्ही कोण व्हाल?' असं मेन्यूत विचारून नाही. बोला.

हिशेबनीस

साफ असहमत. तुमचा कारकून झकास आहे, पण तो तुमच्या डोक्यात राहतो. गेमला त्याचा पत्ताही नाही. असे नेम लावून फुटबॉलचा गेमसुद्धा खेळता येईल: 'माझा गोलकीपर हल्ली खचलाय, तो डावीकडे झेप घेत नाही.' घ्या, झाला रोलप्ले. आरपीजी निदान दखल तरी घेतो. चोरी केली की पहारेकरी अंगावर येतात, शब्द मोडला की सोबती साथ सोडतो.

आणि टंचाई माणसाला कारकून करते म्हणता, ते भलत्याच अर्थाने खरंय! त्याच रेसिडेंट ईव्हिलच्या २००२च्या रिमेकमध्ये मारलेल्या झोंबीचं डोकं उडालं नसेल किंवा तो जाळला नसेल, तर काही वेळाने तो उठतो, लालबुंद आणि आधीपेक्षा चपळ. जाळायला रॉकेल लागतं, ते बेताचं. आता त्या बोळात उभं असताना माझ्या डोक्यात भीती असते? छे. नकाशा असतो. इथून अजून किती फेऱ्या आहेत? वारंवार जायचं असेल तर जाळा, एकदाच जायचं असेल तर मारूच नका, खांद्याला खांदा घासून निघून जा. ही निव्वळ खतावणी आहे, साहेब.

त्यात ही टंचाई बऱ्याचदा लुटुपुटूची. २००५च्या रेसिडेंट ईव्हिल ४ मध्ये तुम्ही सारखे मरायला लागलात की गेम गुपचूप हात सैल सोडतो. खाली जाळी धरून कोणीतरी उभं आहे. वर दोरीवर तुम्ही 'मी किती घाबरलोय' करताय.

दिवाभीत

जाळी दिसत नाही तोवर ती नसल्यातच जमा. तोल सांभाळायला दोरी खरी वाटली की पुरे.

कोपऱ्यातली

'गेमला पत्ता नाही' हे हिशेबनीस यांचं विधान सरसकट चालणार नाही. सायलेंट हिल २ (२००१). ज्यांनी खेळला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा, रहस्यफोड आहे.

नायक जेम्सला जखमी ठेवून बराच वेळ फिरवलात, गावात भेटलेल्या अँजेलाचा सुरा बाहेर काढून निरखलात, तर तो जगायला तयार नसल्याकडे शेवट झुकतो. वेळेवर औषध घेतलंत, बायको मेरीचं पत्र आणि फोटो काढून बघितलात, तर तो त्या गावातून बाहेर पडण्याची शक्यता वाढते. सोबत चालणाऱ्या मारियाजवळ घुटमळलात, तिला मार लागू दिला नाहीत, तर तिसरंच काही. कुठेही प्रश्न नाही, पर्याय नाही, गुण नाहीत. खेळणाऱ्याला वाटतं आपण नुसते चालतोय, आणि तिकडे त्याची नोंद होत असते.

दिवाभीत यांचा कारकून तिथे गेला असता तर त्याच्या नेमांनीच त्याचा शेवट लिहिला असता. मला वाटतं संवादांची यादी हा रोलप्लेचा सगळ्यात आळशी प्रकार आहे. माणूस काय बोलतो यापेक्षा खिशातली कुठली वस्तू पुन्हा पुन्हा बाहेर काढतो, त्यावरून जास्त कळतो.

हिशेबनीस

हे उदाहरण माझ्या पथ्यावरच पडलं. मी औषधं राखून वापरतो, कारण पुढे बॉस, म्हणजे मोठा शत्रू, येणार हे ठाऊक असतं. म्हणून जेम्स अर्धमेला फिरत राहिला, आणि गेमने काय ठरवलं? याला जगायचं नाही. अहो, मी काटकसर करत होतो! मला न सांगता माझ्या वागण्याचा अर्थ लावणं म्हणजे पाळत झाली. भूमिका करणाऱ्याला आपण कुठली भूमिका करतोय एवढं तरी माहीत नको?

कोपऱ्यातली

जेम्सला तरी कुठे माहीत होतं? त्या गेमची सगळी गोष्टच ती आहे.

अर्ध्यावर_सोडणारा

एलियन: आयसोलेशनमध्ये (२०१४) माझी भूमिका विचाराल तर कपाट. नायिका अमांडा रिप्ली आत आणि मी तिच्याभोवती लोखंडी दार. बराचसा गेम तिथेच झाला.

गंमत बाजूला. त्यात एलियनमागे संगणकाची दोन डोकी चालतात. एकाला तुम्ही कुठे आहात ते कायम ठाऊक असतं, ते एलियनला फक्त साधारण दिशा पुरवतं. एलियनला मात्र तुम्हाला स्वतःच्या डोळ्याकानांनीच शोधावं लागतं. त्यामुळे तो सारखा आसपास घोटाळतो, पण लबाडी करतोय असं वाटत नाही. हे समजल्यावर माझी भीती कमी व्हायला हवी होती. झाली नाही.

फासेवाला

टेबलावर बसून, फासे टाकून रोलप्ले करणारा माणूस म्हणून सांगतो: दोन्ही बाजू मूळ मुद्दा चुकताय.

कॉल ऑफ क्थुलू हा टेबलावरचा खेळ १९८१चा. त्यात पात्राच्या मनःस्वास्थ्याचे गुण असतात. भयंकर काही दिसलं की फासे टाका, हरलात तर गुण कमी. खेळणारा खुर्चीत मजेत असतो, भान सुटतं ते पात्राचं. मग हा निवांत माणूस त्या पात्राचा आवाज कापरा करतो, मित्राचा हात सोडून पळतो, नको तिथे हसतो. याला म्हणायचं भूमिका: स्वतःला न वाटणारी गोष्ट दुसऱ्याच्या वतीने वठवणं.

व्हिडिओ गेममध्ये नेमकं उलटं. रेसिडेंट ईव्हिल ७ (२०१७) मध्ये नायक ईथनचा हात करवतीने तुटतो, पुढे तो स्टेपल मारून जोडतात, आणि गडी लगेच कामाला लागतो. इकडे माझ्या हातातून कंट्रोलर निसटायला आलेला. भीती माझी, धीर त्याचा. आता सांगा, कोण कोणाची भूमिका करतंय? जो स्वतःच इतका घाबरलाय त्याला दुसरं कोणी होण्याची फुरसत कुठली? माझ्या मते भीती ही रोलप्लेची वैरीण आहे.

अ‍ॅम्नेशिया (२०१०) या गेमने प्रयत्न केला. अंधारात थांबलं की नायक डॅनियलचं भान हरपतं, कंदील लावला तर तेल संपतं. पण थोड्या वेळाने तोही एक काटाच होतो, गाडीतल्या पेट्रोलसारखा.

दिवाभीत

ईथनचं मान्य, तो माणूस म्हणून लिहिलेलाच नाही. पण पहिल्या सायलेंट हिलमधला (१९९९) हॅरी मेसन आठवा. पेशाने लेखक. पळून थांबला की धापा टाकतो. धावता धावता भिंतीवर गेला तर हात पुढे करून स्वतःला सावरतो. बंदुकीचा नेम यथातथाच. रेडिओ खरखरायला लागला की काहीतरी जवळ आलंय एवढंच कळतं, कुठून ते धुक्यात दिसत नाही. तिथे त्याचं न दिसणं आणि माझं न दिसणं एकच असतं. मला वठवावं लागत नाही कारण मधली फट बुजलेली असते. हॅरीच्या अंगात माझा कारकून जितका नीट बसला, तितका कुठेच नाही.

हिशेबनीस

एकच सांगा. तोच गेम दुसऱ्यांदा खेळता तेव्हा या कारकुनाचं काय होतं? कुठल्या दारामागे काय आहे ते तुम्हाला पाठ. तरी तो दारापाशी थबकतो?

दिवाभीत

थबकतो. मला माहीत असतं, त्याला नसतं. रिकामी आहे हे ठाऊक असलेल्या खोलीतही तो बंदूक रोखून शिरतो आणि कोपरे तपासतो. एखादी गोळी उगाच सावलीवर झाडतो. पहिल्या खेपेपेक्षा मला हेच जास्त आवडतं, खरं तर.

फासेवाला

झालं की मग! भीती गेली आणि रोलप्ले सुरू झाला. मी वेगळं काय म्हणत होतो?

दिवाभीत

भीती आधी येऊन गेली नसती तर तो थबकणार कसा, हे त्याला शिकवलं कोणी? तुमच्या टेबलावर हे फासे सांगतात. इथे मी ते एकदा स्वतः भोगलेलं असतं. म्हणून शीर्षकातला एक शब्दही बदलत नाही.

हिशेबनीस

वाद असाच चालायचा. सिग्नॅलिस (२०२२) खेळला नसेल तर घ्या. दोघांनी मिळून बनवलेला गेम, सामानाचे कप्पे ६च, आणि शेवट तुम्ही कसे खेळलात त्यावर. दिवाभीत कारकून घेऊन जातील, मी वही घेऊन जातो. कोणाला कुठला शेवट मिळतो ते इथेच टाकू. आणि कोपऱ्यातली, यावेळी मी औषधं वेळेवर घेणार आहे.

कोपऱ्यातली

तेही नोंदवलं जाईल.