मदत हवी आहे : नागपूरच्या उन्हात व्हिस्कस डॅम्पर किती 'सैल' पडतो?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका डिझाइन ऑफिसात आहे. नागपूरजवळचा एक पोलादी पादचारी पूल आमच्याकडे आलाय, आडवी वारंवारता १ हर्ट्झच्या आत (बाजूला डुलणं सेकंदाला एका झोक्याहून कमी). म्हणजे लंडनच्या मिलेनियम ब्रिजचंच दुखणं. तो १० जून २००० ला उघडला, गर्दीने डुलायला लागला, दोन दिवसांत बंद. ३७ व्हिस्कस डॅम्पर (आतल्या तेलातून पिस्टन सरकवून डुलणं शोषणारे सिलिंडर) आणि इतर सामान बसवून २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. आम्हीही डेकखाली सिलिकॉन तेलाचे डॅम्पर धरलेत.

सप्लायरचा टेस्ट रिपोर्ट एकाच तापमानाचा आहे, २३ अंश. प्रूफ चेकर (आमचं डिझाइन स्वतंत्रपणे तपासणारे) विचारतात, "आणि मे महिन्यात?" बरोबरच आहे. परवा दुपारी साइटवर नमुन्याच्या सिलिंडरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पोयी टाका, फुगते नं!"

सिलिकॉन तेल खनिज तेलापेक्षा बरं, तरी पातळ होतंच. ३८ पासून ९९ अंशांपर्यंत त्याचा चिकटपणा साधारण ६० टक्के उतरतो. सप्लायर "टेम्परेचर कॉम्पेन्सेटेड आहे सर" एवढंच सांगतो, आतलं ड्रॉइंग दाखवत नाही. हे कॉम्पेन्सेशन होतं कशाने? आणि मॉडेलमध्ये सी चा (डॅम्परचं बल भागिले वेग) एकच आकडा ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद, जुनाखांब :
एकच आकडा नको. थंडीतला वरचा सी घेऊन ब्रॅकेट आणि बोल्ट तपासा, मे महिन्यातला खालचा घेऊन डुलणं. चाचणी तीन तापमानांना मागा: किमान, नेहमीचं, कमाल. एएससीई ७ या अमेरिकी मानकाच्या डॅम्परवरच्या प्रकरणात तसंच आहे.

आता आतलं. छिद्रातून तेल खळाळत जात असेल तर बल घनतेवर ठरतं, आणि घनता ४० अंशांत जेमतेम ४ टक्के उतरते. बारीक फटीतून संथ वाहत असेल तर मात्र सगळं चिकटपणावर. तिथे पिस्टनचं डोकं सिलिंडरपेक्षा जास्त फुगणाऱ्या धातूचं करतात. तापलं की फट आवळते. पोलादी सिलिंडरात १०० मिमीचा कांस्य पिस्टन, २५ अंशांचा फरक: त्रिज्येत ७-८ मायक्रॉन. हसू नका, बल फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. फट ११ टक्के आवळली की तेलाचा ३० टक्के पातळपणा भरून निघतो.

अजून एक, सीलचं (तेल बाहेर येऊ न देणाऱ्या कड्याचं) घर्षण. पादचारी पुलाची हालचाल इतकी बारीक की सील चिकटून बसलं तर तेल हलतच नाही. मिलेनियम ब्रिजच्या डॅम्परना म्हणूनच घासणाऱ्या सीलऐवजी धातूचे बेलोज (भात्यासारख्या घड्यांच्या नळ्या) आहेत.

धागाकर्ता :
आभार दादा! सप्लायरला लगेच फोन लावला. पिस्टन कोणत्या धातूचा, विचारलं. "फॅक्टरीला विचारून सांगतो." आता मेल टाकतोय, तीन तापमानांच्या मागणीसकट.