२१ फेब्रुवारीला कॉलेजात काय ठेवावं?

हळदीचा हात (सांगली):
मंडळी, एक अडचण आहे. मी इथं एका कॉलेजात शिकवते. २१ फेब्रुवारीला जागतिक मातृभाषा दिन, २७ला मराठी भाषा गौरव दिन. वरून निरोप आलाय, दोन्ही एकत्रच उरका. माझ्या वर्गात जतच्या पोरी घरी कन्नड बोलतात, मिरजेच्या दोघी दखनी, म्हणजे आपल्याकडची उर्दू. परवा डबा खाताना विचारलं, "तुपाला काय म्हणता गं?" जतची लाजत म्हणाली, "तुप्पा." सगळी हसली, मग एकदम गप्प. आपलं तूप शेजारणीच्या डब्यात सापडलं की! तर भाषणांशिवाय काय करता येईल?

जतकर:
मॅडम, एकत्र नका करू. २७ म्हणजे कुसुमाग्रजांची जयंती. २१ची गोष्ट वेगळी, १९५२ साली ढाक्यात बंगालीसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या. युनेस्कोनं १९९९ मध्ये तो दिवस ठरवला. एवढं तरी पोरांना सांगा. आमच्या तालुक्यात झेडपीच्या कन्नड शाळा आहेत, तरी सांगलीत आलं की आम्ही अक्काला फोनवर हळू आवाजातच "ऊटा आय्ता?" (जेवण झालं का?) विचारतो.

मिरजेचा पाव्हणा:
फेटे-नऊवारी नको, हात जोडतो. फळा मोकळा सोडा. ज्यानं त्यानं घरात जेवायला कसं बोलावतात ते लिहावं. दखनी देवनागरीत लिहिली तरी चालतंय. आमच्या शेजारच्या खाला "नक्को" म्हणतात ना, त्यातला जोर मराठी 'नको'त नाही.

हळदीचा हात:
फळा ठरला. तुपाचा डबा मी आणते.