घरात बसून हाताने खेळायचे, डोक्याला चालना देणारे खेळ सांगा (मोबाईल नको)

कृष्णाकाठची, सांगली

विश्रामबागेत राहतो आम्ही. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा साडेचारचा. हे कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टला असतात, मी घरीच शिवणकाम करते, आणि सासूबाई आमच्याजवळ असतात.

दोन आठवडे झाले, पावसाची रिपरिप थांबलेली नाही. ग्राउंडवर चिखल. त्यामुळे शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात आणि मोबाईल हातात. गौरी-गणपतीची ब्लाउजं आत्तापासून येऊन पडलीत, मी मशीनवरून उठू शकत नाही, तेव्हा मोबाईल मीच काढून देते. धाकट्याला तर जेवताना समोर चालूच लागतो. परवा लाईट गेली, मोबाईलची बॅटरीही संपली, तर त्याने वरणभाताचं ताट भिरकावलं. फरशीवरचा भात गोळा करताना मला रडू आलं.

मागच्या महिन्यात ऑनलाइन एक ‘शैक्षणिक खेळांची पेटी’ मागवली होती, १८०० रुपयांची. कंपनीचं नाव घेत नाही. पुठ्ठ्याचे तुकडे आठवड्यात फाटले आणि नियमांचं पुस्तक सगळं इंग्रजीत. पैशांपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटलं की दिवसभर मुलांजवळ असणाऱ्या सासूबाईच त्या खेळाबाहेर राहिल्या. नुसत्या बघत बसायच्या.

तर खर्च नको, मांडायला सोपे आणि आज्जी-नातवंडांना एकत्र बसता येईल असे खेळ सांगा. मुलगी वाचते छान, पण गणिताला घाबरते. बोटं मोजते, चुकलं की वही मिटून टाकते.

निवृत्त बाई, मिरज

ताई, सासूबाईंना आज संध्याकाळी एवढंच विचारा, “आई, चल्लस-आठ येतं का तुम्हाला?” नाही म्हणाल्या तर मला नवल वाटेल. या पटावरच्या खेळाचं नाव गावोगाव बदलतं, कर्नाटकाच्या बाजूला यालाच चौकाबारा म्हणतात.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीला शिकवलं, त्यातली बरीचशी जत तालुक्यात. तिथे अडचण पावसाची नव्हती, उन्हाची होती. दुपारी पोरं व्हरांड्यात आणि साहित्य म्हणजे खडू आणि चिंचेखाली पडलेले चिंचोके. त्यावर माझ्या कितीतरी वर्गांचं गणित झालं.

फासे म्हणून सारख्या आकाराचे चार चिंचोके घ्या. मागच्या दारच्या पायरीवर प्रत्येकाची एकच बाजू घासायची, तपकिरी साल जाऊन आतला पांढरा भाग दिसेपर्यंत. हे काम मुलीलाच करू द्या, तुम्ही घासून देऊ नका. माझा नातू आठ वर्षांचा आहे. त्याच्याकडून घासून घेत होते, तर मध्येच ओरडला, “आज्जी, हा तापला!” चिंचोका घासला की बोटाला चटका बसण्याइतका गरम होतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. मी म्हटलं, तळहात एकमेकांवर जोरात घास आणि गालाला लाव. लावले. मग अर्धा तास तो घरातली एकेक वस्तू घासून गालाला लावून बघत होता. पुढे कधीतरी पुस्तकात ‘घर्षण’ हा शब्द येईल तेव्हा त्याला तो ओळखीचा वाटेल.

आता पट. फरशीवर खडूने पाच आडवी, पाच उभी अशी २५ घरं आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली आणि अगदी मधोमधच्या घरात एक फुली. आपल्या बाजूच्या फुलीतून निघायचं, बाहेरची १६ घरं फिरायची, मग आतल्या ८ घरांत उलट्या दिशेने वळायचं आणि मधल्या घरात पोचायचं. चिंचोके टाकले की जितके पांढरे वर तितकी घरं पुढे. चारही पांढरे तर चार, एकही पांढरा नाही तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायचं. दुसऱ्याची सोंगटी त्याच घरात सापडली की मारायची, फुलीवर बसलेली मारायची नाही. सोंगट्यांची तुम्हाला काय चिंता, तुमच्या डब्यात बटणं असतीलच. प्रत्येकाला एका रंगाची चार.

मुलगी सुरुवातीला बोटाने एकेक घर मोजत जाईल. जाऊ द्या. तीन-चार दिवसांत चिंचोके टाकायच्या आधीच पुटपुटायला लागेल, “तीन पडले तर आज्जीची मरते, दोन पडले तर माझी फुलीवर बसते.” हे गणितच आहे, फक्त तसं तिला सांगू नका. नोकरीच्या सुरुवातीला मी वर्गात सांगायची, “बघा, तुम्ही बेरीज केलीत!” आणि जी पोरं गणिताला घाबरायची ती तिथल्या तिथे हात मागे घ्यायची. खेळ खेळच राहू द्या.

एक प्रसंग सांगते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातू चिडून म्हणाला, “मला सारखे दोनच पडतात. हे चिंचोके खोटे आहेत.” मी म्हटलं, मोजू या. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पाच रकाने आखले. पडेल तशी रेघ मारायची, पाचवी रेघ आडवी. १०० वेळा टाकले, मध्ये एकदा चहा-खारी झाली. एक २७ वेळा, दोन ३६, तीन २२, चार ९ आणि आठ ६. तो म्हणाला, “बघ, दोनच जास्त!” मग मी चारही चिंचोके ओळीत ठेवले आणि सांगितलं, हे किती तऱ्हांनी पडू शकतात ते काढून दाखव. पांढऱ्याला पोकळ गोल, तपकिरीला भरलेला. पाऊण तास पालथा पडून काढत होता. दोनदा तीच तऱ्हा परत आली, ती त्याने स्वतःच खोडली. शेवटी १६ निघाल्या. एका पांढऱ्याच्या ४, दोनाच्या ६, तिनाच्या ४, चारही पांढऱ्यांची एक आणि एकही पांढरा नसलेली एक. बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, “म्हणजे चिंचोके खरे आहेत.” तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय. तुमच्या मुलीला हे आत्ता करायला लावू नका. तिने आपणहून अशी तक्रार केली, तर मात्र कॅलेंडरचं पान काढा.

दुसरा खेळ सागरगोट्यांचा. पाच गोटे लागतात. एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. चार ही संख्या कशी कशी फुटते ते हाताला कळतं. काष्ठौषधीच्या दुकानात गजगे, म्हणजे सागरगोट्याच्या बिया, मागा, मिळतील. नाहीतर नदीकाठचे गुळगुळीत खडेही चालतात.

सिस्टर, पलूस

बाईंनी छान लिहिलंय. फक्त धाकट्याबद्दल एक सांगते. चिंचोके, बटणं, शेंगदाणे हे सगळं या वयात नाकात-कानात जातं. तो शेजारी बसणार असेल तर मोठ्या माणसाची नजर हवी आणि खेळ संपल्यावर चिंचोके मोजून डब्यात भरायचे. नाकात बी गेलीच तर पिनेने, काडीने टोकरू नका. ओलाव्याने ती फुगते आणि टोकरल्याने आत सरकते. सरळ डॉक्टरकडे न्या.

आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या आहेत. तुमच्या मुलाच्या वयाला बसून स्क्रीन बघणं दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. हे ताई तुम्हाला बोल लावायला सांगत नाही. जेवणाची एक वेळ जरी सुटली तरी त्यात मोठी बचत आहे.

कडेगावकर

आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ मध्ये गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला परत भोंगा. मी शेजारच्या गावचा. आमच्याकडे भोंगा नाही, पण मी घरात सात ते आठ धरलंय आणि त्या तासात माझाही फोन फडताळात जातो. सुरुवातीला मी फक्त पोरांचा काढून घ्यायचो, तेव्हा रोज रडारड व्हायची. माझा आत गेला त्या दिवसापासून कमी झाली.

पाऊस उघडला की विटी-दांडू काढा. आमच्याकडे विटी किती लांब गेली ते दांडूने मोजताना वकट, लेंड, मूंड, नाल असं म्हणत जातात. हे आकडे तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगुशी जुळतात, हे पोराला सांगितलं तर त्याचे डोळे एवढाले झाले. माझा दांडू लांब, त्याचा आखूड, म्हणून तेवढ्याच अंतराचे त्याचे आकडे जास्त यायचे. “पप्पा, मग सगळ्यांचा दांडू सारखा पाहिजे की!” फूटपट्टी कशाला लागते ते त्याचं त्यालाच कळलं. धाकट्यांना मात्र विटीपासून लांब उभं करा, डोळ्याला लागते.

सायकलचं दुकान, सातारा

जुन्या सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब असते ना, बारीक रबरी नळी, ती आमच्याकडे दोन-चार रुपयांत मिळते. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि गुल खरवडून टाकलेल्या काडेपेटीच्या काड्या दोन्हीकडून खुपसायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो. चौकोनात एक तिरपी काडी घाला, लगेच ताठ उभा राहतो. मग पोरांना पत्र्याच्या शेडखाली नेऊन वर कैची, म्हणजे छप्पर पेलणारी त्रिकोणांची चौकट, बघायला लावा. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षणाच्या कामात असताना ही काड्यांची जोडणी पुढे आणली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या पोरीने दिवाळीच्या किल्ल्यावर अशाच काड्यांचा पूल बांधला होता. अजिंक्यतारा केला होता, उतारावर हळीव पेरलं होतं. पूल पावसाळी मातीवर चार दिवस टिकला.

कृष्णाकाठची, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, धाकट्यासाठीही काहीतरी सांगा ना. ताई खेळायला बसली की तो पट पुसतो.

निवृत्त बाई, मिरज

त्याला स्वतःचं काम द्या, म्हणजे पट पुसणार नाही. घरात जुनी मापं असतील तर काढा. चिपटं, मापटं, शेर. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. नसतील तर दोन-तीन वाट्या आणि एक तांब्या. परातीत तांदूळ द्या आणि म्हणा, शेर भरायला किती चिपटी लागतील? आधी अंदाज सांगायचा, मग भरायचं. परातीखाली चादर घाला, सांडलेलं गोळा करायचं कामही त्याचंच. सिस्टर म्हणतात तशी नजर मात्र ठेवा. हेच मोठीने केलं की तिला पाव आणि अर्धा कळतो.

कृष्णाकाठची, सांगली (आठ दिवसांनी)

बाई, सासूबाईंना चल्लस-आठ येतं, आणि भलतंच येतं. आटपाडीकडचं माहेर त्यांचं, त्यांच्या लहानपणी हौदाच्या कट्ट्यावर पट कोरलेला होता म्हणे. पहिल्या संध्याकाळी त्यांनी लेकीच्या तीन सोंगट्या मारल्या आणि ती फणकारून उठली. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर खडू तिनेच शोधला.

काल मात्र भांडण झालं. तिला आधी आठ पडले, मग चार, मग परत आठ. सासूबाई म्हणाल्या, लागोपाठ तीन वेळा पडलं की जळतात, सगळे वाया. मी मशीनवर होते. आतून आवाज आला, “आठ आणि चार बारा, आणि आठ वीस! आज्जी, माझे वीस गेले!” मी पाय थांबवून ऐकत राहिले. बोटं मोजलेली नव्हती, त्याला तेवढा वेळच नव्हता.

धाकटा तांदूळ मापतो, दुपारचं जेवण आता मोबाईलशिवाय होतं. रात्री अजून मागतो.

बाई, तुमच्याकडे जळायचे का? दोघी माझ्याकडे न्याय मागतायत.

निवृत्त बाई, मिरज

आमच्याकडेही जळायचे. पण हा नियम आधी सांगितलेला नव्हता, म्हणून कालचे वीस तिला देऊन टाका. आज पट आखल्यावर, पहिला चिंचोका टाकायच्या आधी दोघींनी मिळून ठरवायचं आणि तिने ते खडूने पटाच्या कडेला लिहायचं.