नववी-दहावीच्या मुलांना काय द्यावं?

नववी-दहावीच्या मुलांना आवडतील अशा नव्या कादंबऱ्याच नाहीत, हे मत मला अजिबात पटत नाही. सिद्धार्थ सर्मा यांची 'इयर ऑफ द वीड्स' (२०१८) देऊन बघा. ओडिशातला कोरोक हा गोंड मुलगा बागकाम करतो, आणि त्यांच्या पवित्र डोंगरातल्या बॉक्साइट या खनिजावर कंपनीचा डोळा आहे. गोव्यातल्या डिचोली-सांग्यात खाणींचे ट्रक बघत वाढलेल्या मुलांना ही गोष्ट परकी वाटणारच नाही. दाट मजकूर बघून दचकणाऱ्यांना एलिझाबेथ असेवेडोची 'द पोएट एक्स' द्या. सगळी कवितेतच आहे, आणि आई-मुलीतला ताण फार खरा उतरलाय. इंग्रजी जड जात असेल तर सुरुवातीची पानं सोबत बसून मोठ्यानं वाचा. आणि पणजीतल्या पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नेलंत, तर पुस्तक मुलांनाच निवडू द्या, प्लीज!